बारा नंबरचा गॅस

नेहरू पुतळ्यामागच्या बोळात दुकान, आठ बाय दहा.
पाटीवर ‘फ्रिज, वॉटर कूलर, डीप फ्रीजर’,
‘डीप’मधला डी केव्हाच गळून पडला.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात
लोक हातगाडीवर फ्रिज आडवा घालून आणायचे,
वरून ओली चादर,
आजारी माणसाला मेयोत नेतात तसे.
मी नळी कापायचो.
आधी जुना गॅस सोडून द्यायचा, ही पहिली शिकवण.

फुस्स.

एवढंच. धूर नाही, रंग नाही,
वास म्हटला तर किंचित गोडूस.
पांढऱ्या सिलिंडरवर लिहिलेलं असायचं : बारा.
पोरं जमली की नोझल लिंबावर धरायचो,
लिंबू पांढरं पडायचं, फरशीवर ठक्क वाजायचं,
टाळ्या.

‘कुठं जाते हा, उस्ताद?’
मोरेश्वरनं विचारलं. चौदाचा होता, हाताला ग्रीस.
मी बोट वर केलं.
‘वर लय जागा हाये, बापू.’

आता मोरेश्वर पृथ्वीच्या बुडाशी,
सरकारी तळावर जनरेटर सांभाळतो.
जुलैत त्यानं फोटो पाठवला.
सूर्य क्षितिजाखाली, आणि वर ढग,
पण हे पाणी आणणारे ढग नव्हेत.
शिंपल्याच्या आतल्या अंगाला असतो तो रंग,
गुलाबी, मग पोपटी, मग नाव नसलेला.
मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, या रंगाचं लुगडं मिळत नाही.

फोनवर त्याचा आवाज दोन सेकंद उशिरा येतो :
‘उस्ताद, इथं फुगे सोडणारे पोरं सांगत होते,
आपला गॅस सापडला.’

आपला.
गावचा माणूस परक्या स्टेशनवर दिसावा, तसं म्हणाला.

चढायला त्याला वर्षं लागली म्हणे.
वरच्या उन्हानं गाठ सोडली, क्लोरीन मोकळा झाला,
मग कुणाकुणाच्या मिठीत निमूट पडून राहिला.
उणे ऐंशीच्या रात्रीत
त्याच देखण्या ढगांच्या अंगावर त्याला जाग येते.
तो सूर्याची वाट बघतो.
पहिलं ऊन आलं की ओझोन खायला बसतो,
खातो आणि तसाच्या तसा उरतो,
पुढच्या घासाला हात पुन्हा रिकामा.

कारखाने होते, फवारे होते, माझ्यासारखे लाखो होते.
त्या हिशेबात माझी नळी चिमूटभरही नाही.
मी हा हिशेब चारदा केला.

पोळ्याच्या पाडव्याला दुकानासमोर गर्दी,
काळी मारबत निघाली.
बडग्याच्या गळ्यात महागाईची पाटी,
डेंग्यूची, खड्ड्यांची.
घेऊन जा गे मारबत!
दरवर्षी मीही ओरडतो, घसा बसेपर्यंत.
वेशीबाहेर नेऊन जाळायची, झालं, गाव मोकळं.
यंदा अर्ध्या शटरखाली उभा होतो.
वेशीबाहेर कोण राहतं,
हे एवढ्या वर्षांत विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात सोनकुसरे काकूंचा फ्रिज आला,
गोल कोपऱ्यांचा, लग्नातला.
‘भंगारात द्या,’ काकू म्हणाल्या, ‘नवा घेतला.’
मागची पट्टी पुसली : बारा.
कान लावला. आत चालू होतं सगळं,
छत्तीस वर्षं एक थेंब न सांडता.
भंगारवाला दोनदा येऊन गेला.
त्याला नळी कापायला दोन सेकंद लागतील.
गॅस ओढून घ्यायचं मशीन माझ्याकडे नाही,
ज्याच्याकडे आहे तो बुटीबोरीचा माणूस फोन उचलत नाही.

भोक भरतंय हळूहळू, मोरेश्वर सांगतो,
अजून चाळीसेक वर्षं.
मी काही नसणार.

तोवर फ्रिज दुकानातच आहे.
त्यात माझा डबा, पाण्याची बाटली, एक लिंबू.
रात्री प्लग काढतो, तो थरथरून शांत होतो,
मी शटर अर्ध्यावर धरून
ऐकत राहतो.